मच्छरदाणीतली चवळी

११ ऑगस्ट १९९६, रविवार
पाणी उकळलं, गार केलं, कापडानं झाकून गच्चीत नेलं. मच्छरदाणीतल्या कुंड्यांना तेवढंच चालतं. नळाचं नको, पावसाचं नको. बाळंतिणीचं इतकं कुणी करत नाही. वासंतीचा हुकूम, "अण्णा, हात धुऊन हं." धुतो की. ही माझ्या लेकीची लेक, माझ्याकडं मल्लेश्वरमला राहून पीएच.डी. करते. माझी शाळा सातवीपर्यंत, नंतर जन्मभर विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या. पण तिची पुस्तकं तिच्याआधी मी वाचतो. अर्धं कळतं, अर्ध्याला डिक्शनरी.

चवळीच्या कुंड्या दोन जागी. टाकीपाशी बुरशी घातलेल्या, हिरव्यागार. पत्र्याखाली, तुळशीच्या शेजारी, जुन्या खाटेवर मच्छरदाणी लावून बिनबुरशीच्या. त्यांत भाजून घेतलेली पांढरी वाळू. रोपं पिवळी, मान टाकलेली. बघवत नाहीत. तिच्या संस्थेच्या काचघरात जो तो बुरशीच वाढवतो, म्हणून या घरी आणल्या.

बुरशी म्हणजे लोणच्यावरची, एवढंच मला ठाऊक होतं. ही मुळात शिरते, मातीतलं खत ओढून देते, बदल्यात साखर घेते. तिला आत घेताना मूळ एक खास प्रथिन बनवतं, वासंती त्याच्या मागावर आहे. प्रथिनं वेगळी करायच्या जेलवर निळी रेघ उमटते, वरून तिसरी. मी त्या रेघेला ओसरीवरची बाई म्हणतो. पाहुणा आला तरच दिसायची.

दुपारी प्रशांत जेवायला. वा.च्या लॅबमधला, पुण्याचा. "आजोबा, तुमच्या मुगडाळीच्या कोसंबरीला तोड नाही." बुटांना तांबडी माती. देवनहळ्ळीच्या द्राक्षमळ्यातून आणतो, त्यातल्या बुरशीची एकच जात निवडून वाढवतो. वा.ला बुरशी त्यानंच दिलेली. पोरगा बरा आहे. पण इतकं गोड बोलणाऱ्याचं मला जरा...

१९ ऑगस्ट, पंचमी
चंद्राक्का आली. गल्लीच्या टोकाला राहते, माझी मोठी बहीण. वारुळाला दूध घालून प्रसादाची माती पुडीत आणलेली. "मादू, पाठ दाखव." दूध, ती माती, पंचमीची रीत म्हणून पाठीला चोळली. एवढी थंडगार! ओरडलो तर म्हणते, "म्हातारा झालास तरी भाऊच की रे."
मग ती तुळशीला प्रसाद ठेवायला वर गेली, मी आंघोळीला. खाली आली ती तोंड पाडून. "ती मच्छरदाणीतली पोरकी कुणाची?"
"वासंतीची. मुद्दाम उपाशी ठेवलीत."
"अय्यो! शिकून हेच करायचं काय?"
कडबू छान झाले. मी जास्त खाल्ले.

२९ ऑगस्ट
ग्रंथालयातून आलो तर प्रशांत गच्चीच्या जिन्यावरून खाली येतोय. घरात कोणी नाही.
"डबा परत द्यायला आलो होतो, आजोबा."
डबा खाली कट्ट्यावर. मग वर काय काम?
"रोपं सुकली नाहीत ना, बघितलं."
रोपं सुकू नयेत म्हणून मी आहे. हसून निरोप दिला. बूट बघितले, तांबडेच.

८ सप्टेंबर, रविवार
मुळं काढली. धुतली, बर्फाच्या पेटीत भरली. मच्छरदाणीतली रोपं हल्ली जरा बरी दिसत होती. वा. म्हणाली, ऊन पडलंय म्हणून. एक अगदीच खुरटं होतं, ते तसंच राहू दिलं. पेटी उचलायला प्र. हजर. न बोलावता.

१४ सप्टेंबर
वा. लवकर घरी आली. जेवली नाही. तिसरी रेघ दोन्हीकडं उमटली. बुरशीवाल्यांत आणि बिनबुरशीवाल्यांतसुद्धा. पाहुणा नसताना बाई ओसरीवर!
गाइड मॅडम म्हणाल्या, मग हे प्रथिन काही खास नव्हे, कुठल्याही मुळात असणार. विषय सोडून द्या. म्हणजे पोरीची सगळी मेहनत गेली.
"नाहीतर कुणीतरी माझ्या कुंड्यांत बुरशी घातली, अण्णा. पण दाखवू कशी? प्रथिन काढायला मुळं वाटून संपली. उरलंय ते पिवळंच."
तेव्हा मी जिन्यावरचं सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, अजून कळत नाही. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मी विषय सोडला तर तो त्यालाच मिळेल."

१६ सप्टेंबर, गणेशचतुर्थी
प्र. दर्शनाला आला. एक मोदक दिला. दुसरा विचारला नाही. त्याच्या लक्षात आलं, ताटली स्वतः विसळून ठेवून गेला. अक्का मला रागावली, "परगावचं पोर, सणाला असं करतात?" ती त्याच्यामागं फाटकापर्यंत मोदक घेऊन गेली.
वा.नं मागं सांगितलं होतं, बुरशी आली की मूळ पहिल्यांदा तिला चोरच समजतं. मारायची प्रथिनं काढतं. मग आवरतं. का आवरतं, ते तिलाही नीट माहीत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
राहिलेलं खुरटं रोप हिरवं व्हायला लागलंय! चष्मा लावून बघितलं. बुंध्याशी पांढऱ्या वाळूवर एक तांबडा ठिपका, कुंकवाएवढा. वा.ला हाक मारली. ती वाकून बघत राहिली.
"देवनहळ्ळी," एवढंच म्हणाली. सोमवारी मॅडमना सगळं सांगणार. त्याचं नाव घेऊन.
मी म्हटलं, सांग.

२२ सप्टेंबर, रविवार
अक्का सकाळी आली, तुळशीला पाणी घालायला वर गेली. मीही मागोमाग. तुळशीच्या बुंध्याशी तांबडा ठिपका. कढीपत्त्याच्याही. पत्र्याखाली पाऊस लागत नाही, जसाच्या तसा राहिलाय. पंचमीचा प्रसाद.
तिथंच पायरीवर बसलो. पाठीला तीच माती चोळून घेतली होती मी!

अक्काला विचारायचं कसं? लग्न होऊन वर्षाच्या आत परत आली ती. त्यानंतर घरात कुणी तिला लोणच्याला, रोपाला हात लावू दिला नाही. हिच्या हाताला यश नाही म्हणायचे. आईसुद्धा. आता या वयात मी जाऊन म्हणू, पोरीचा अभ्यास तुझ्या हातानं बिघडला?
आणि प्र.? त्याला मोदकसुद्धा...
पण तो वर गेला होता, हे तर खरंच.

दुपारी गच्चीत वा.ला म्हटलं, "उद्या नाव घेऊ नकोस. आणखी एक हात असेल."
"कुणाचा?"
मी तुळशीकडं बघितलं. पोर हुशार. डोक्याला हात लावून खालीच बसली. मग हसायला लागली, मग रडायला.
म्हणाली, रंगावरून ठरणार नाही. प्र.च्या बुरशीत एकाच जातीचे बीजाणू. वारुळाच्या रानटी मातीत चार तऱ्हांचे निघतील. वाळू धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्या खुरट्याच्या मुळात बुरशी निघाली तर मॅडमना कुंड्या पुन्हा लावायचं म्हणता येईल. ओसरीवरची बाई खोटी नाही, असं म्हणायला जागा राहील.
"मग घातली कुणी, ते कशाला बघायचं?"
"मॅडम विचारणार ना, अण्णा. मी काय सांगू?"

२३ सप्टेंबर, सोमवार
सकाळी वा.नं स्वतः फोन करून प्र.ला बोलावलं. "त्याच्यासमोरच धुते." तो आला. मला नमस्कार केला, आजोबा म्हणाला नाही. कुंडी मांडीवर घेऊन तिच्या स्कूटरवर मागं बसला.

अक्का दहाला आली. सरळ विचारलं. किती घोळवणार?
"पंचमीला मच्छरदाणी उचललीस काय गं?"
"आठवत नाही रे. माती सगळ्यांना घातली. हात जातो आपोआप." मग एकदम, "का? मेली की काय?"
"नाही. एक राहिलं होतं, ते हिरवं झालं. तपासायला नेलंय."
ती माझ्याकडं बघत राहिली. "माझ्या हातानं?"
काय सांगू? हो म्हणालो आणि माती प्र.ची निघाली तर? नाही म्हणालो तर...
"सरी, बरं, स्वल्प थांब. संध्याकाळी कळेल."
थांबली. जेवली इथंच. मग ओट्यावर जाऊन बसली, पदर सारखा करून, कुणी बघायला येणार असल्यासारखी.

आधी वाटायचं, प्र.च निघावा. काल वाटलं, तो निघू नये. आता अक्काचं तोंड बघून वाटतं, तिचाच हात निघावा.

कोसंबरी केलीय, चौघांपुरती. पाच वाजत आले. गल्लीत स्कूटर थांबल्याचा आवाज आला आत्ता. प्र. आत येतो की फाटकातूनच वळतो, बघतो.