बाहेरच्याचा बार

३० सप्टेंबर २०२४, लातूर

आज कुणाचं तरी टाळकं फोडावं असं वाटलं! चोवीस वर्षं मी या कारखान्यात मळणीयंत्रं बनवतो. ड्रम माझा, जाळी माझी. अन मंजुश्री मॅडम — सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मॅनेजर — मुखेडच्या एका वेल्डिंगवाल्याला थेट आत घेऊन आल्या. पेपरात जाहिरात दिली होती म्हणे, 'मशीन सुधारा, कल्पना पाठवा.' आम्ही काय मेलो होतो?

१ ऑक्टोबर

अश्वजित नाव त्याचं. तिशीतला. आईचा हात मळणीत गेला, तेव्हापासून मशीनपासून हात वाचवायच्या युक्तीमागं लागलाय. पेंढी टाकायच्या तोंडापुढं, छातीच्या उंचीवर एक आडवा बार. माणूस ओढला गेला की छाती बारवर दाबते, स्प्रिंग बेल्ट उतरवते, ड्रमला ब्रेक लागतो.

बांबूचं बुजगावणं बारवर टेकवून त्याचा हात आत घालून दाखवला. जागच्या जागी थांबलं.

"नव्या बेल्टवर काय बी थांबतंय," मी म्हणालो. सगळे हसले.

तो नाही हसला. "काका, जुना लावा. तुमच्याच हातानं लावा."

लावला. तरी थांबलं!

४ ऑक्टोबर

बजरंगनं आज त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. बजरंग माझा फिटर, पंधरा वर्षं हाताखाली. "परत गेटात दिसलास तं तंगडं मोडीन!" मी बघत उभा राहिलो. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मॅडम बधल्या नाहीत. मंगळवारी कंधारला शेतात चाचणी. "पास झालं, तर पुढचं प्रत्येक मशीन बारसकट निघेल, निवृत्तीराव."

७ ऑक्टोबर

कानस घेतली. स्प्रिंग आतल्या बाजूनं अर्धी घासली. उद्या बांबूचा भुगा होऊ दे. तो लोकांपुढं तोंडघशी पडू दे. बस, तेवढंच.

८ ऑक्टोबर

बांबूवर दोनदा थांबलं. घासलेली स्प्रिंग टिकली! लोक टाळ्या वाजवायले. कारखान्याचे मालक म्हणाले, आता खरं सोयाबीन टाका. मशीनवर बजरंग चढला.

मी ओरडायला पाहिजे होतं. 

बाही गुंतली. तो बारवर पडला — कट्! स्प्रिंग तुटली. ड्रम फिरतच राहिला. कोपरापर्यंत गेला हात. दाण्यांत रक्त, चिंध्या, एक बोट. मशीन फिरवणारा ट्रॅक्टर बंद करेस्तोवर त्याचं किंचाळणंही बंद झालं होतं.

मग लोक अश्वजितवर तुटून पडले. काठ्या, ढेकळं, लाथा. "बाहेरचं आणून माणूस खाल्लास!" मीही मारलं. दोनदा, तोंडावर. दोष कुणाचा ते मला एकट्याला ठाऊक होतं — म्हणून जास्तच जोरात मारलं.

९ ऑक्टोबर, नांदेड

दवाखाना. बजरंग बेशुद्ध. त्याची बायको सिंधु भिंतीवर डोकं आपटून घेत होती. अश्वजित फाटक्या ओठानं रक्त द्यायच्या रांगेत उभा. सिंधुनं धावत जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं रांग सोडली नाही.

१० ऑक्टोबर

मालकांनी बार कायमचा बंद केला. मॅडमला नोटीस. अन मला पोरांनी खांद्यावर उचललं! "मिस्त्री पहिल्यापासून म्हणतच होते!"

मागं जाऊन ओकलो.

१२ ऑक्टोबर, नांदेड

बजरंगला शुद्ध आली. सिंधुला बाहेर पाठवलं, मला जवळ बोलावलं.

"मिस्त्री, घासताना पाहिलं होतं म्या तुम्हाला."

"मग चढलास कशाला मशीनवर!"

"दोनदा टिकली. म्हणलं, कमी घासली असल. अन बोललो असतो, तर नवी स्प्रिंग लागली असती, त्याचं मशीन पास झालं असतं." डोळे मिटले त्यानं. "ते मलाबी नको होतं."

जिन्यावर येऊन मॅडमना फोन लावला.

"बार चोख हाय, मॅडम. हात मी कापला."