गुडमारचा अर्क

३ फेब्रु., मंगळ.
साखरेच्या गोळ्या आजपासून बंद. अकरा वर्षं गिळल्या, पुरे. शुक्रवार पेठेतल्या जडीबुटीवाल्याकडून गुडमारच्या पाल्याचा अर्क आणला. काळपट, कडूजहर. सकाळी दोन घोट. तो म्हणाला, "जिभंला गोड कळायचं बंद हुतंय बघा. तसं झालं की गुण आला म्हणून समजायचं." मंगल दिवसभर धुसफुसत होती. बायको आहे, डॉक्टर नाही.

५ फेब्रु.
खरंच! अर्क घेऊन चिमूटभर साखर तोंडात टाकली. वाळू. दातांत करकरली, पण गोडाचा पत्ता नाही. स्वतःचंच तोंड दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. अंगावर काटा आला. आनंदही झाला, खोटं कशाला लिहू.

११ फेब्रु.
उपाशीपोटी साखर ९६! यंत्र मं.च्या नाकासमोर धरलं. "बघ, गोळीशिवाय." ती म्हणाली, "बरं झालं की." आणि ताटात शेंगाचटणी जास्त वाढली. हल्ली वाढतेच. जरा कडवट लागते. शेंगदाणे जास्त भाजले गेले म्हणते.

१४ फेब्रु.
दुपारी सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभा होतो. मग एकदम आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलेला. मधलं काही नाही. शर्ट घामानं चिंब, पायात चपला नाहीत. रिक्षानं आलो की... मं.ला सांगितलं नाही. उगाच अर्काला नावं ठेवेल.

१७ फेब्रु. (दवाखाना)
आठवतंय तेवढं लिहितो. सकाळी भाकरी-चटणी खाल्ली. सकाळचा अर्क राहिला म्हणून दुपारी जेवणाआधी घेतला, जेवण लांबलं. हात कापायला लागले. खोलीत एक बाई उभी. ओळखीची नाही. ती माझा जबडा उघडून तोंडात वाळू कोंबत होती. मला पुरायला आलीय असं वाटलं. तिचा हात कडकडून चावलो. ती रडत ओरडत होती, "अवो, साखर हाय ती! गिळा की!" मी थुंकत राहिलो. शेजाऱ्यांनी धरून इथं आणलं, सलाईन लावलं. डोळे उघडले तेव्हा त्या बाईची मंगल झाली होती.

१८ फेब्रु.
साखर पार तळाला गेली होती. डॉक्टर म्हणाले, "अर्काबरोबर गोळ्याही घेत होता?" मी ठणकावून नाही म्हणालो. मं. खाली बघत म्हणाली, "चटणीत कुटून घालत होते मी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग तीच, "तुमी सोडल्या म्हणून घातल्या. मरू देऊ का तुमाला?"
भयंकर राग आला. तेवढ्यात तिच्या हाताची पट्टी दिसली.
जडीबुटीवाला फोनवर म्हणतो, दोष गोळीचा. डॉक्टर म्हणतात, त्या बाटलीत काय काय आहे कुणाला ठाऊक.

२३ फेब्रु.
अर्क मोरीत ओतला. गोळी आता उघड, मं.समोर, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. ती अधूनमधून पुढ्यात येऊन विचारते, "मी कोण?" मी म्हणतो, "फौजदार." हसते. चेष्टाच झालीय आमची.

२६ फेब्रु.
साखर ठीक, ११८. जेवणखाण वेळेवर. सकाळी मं. दारात येऊन उभी राहिली. "मी कोण?"
उत्तर सापडेना. तिला वाटलं मुद्दाम करतोय, हसत सुटली. मीही हसलो.
नाव आठवलं ते ती आत गेल्यावर.