गोजाचे कान आणि माझी कडक भाकरी

८ जानेवारी १९३४, सोमवार
आजपासून गोजाची ट्रीटमेंट सुरू. पोरगी नऊ वर्षांची, पण मी कडक भाकरी मोडली की कानात बोटं घालून पळते आणि न्हाणीमागं उभ्यानं जेवते. परत आत येताना उंबऱ्याला दोन्ही पाय सारखे शिवले नाहीत तर पुन्हा मागं, पुन्हा पुढं. तोवर आमटी गार. गळ्याची हाडं दिसायला लागली. सोलापुरात राहून भाकरीचा आवाज सोसत नाही म्हणजे निव्वळ नखरे. मी मिलमधला टाइमकीपर. अख्खी मिल वठणीवर ठेवतो, तिथं हिचं काय? संक्रांतीच्या आत बरी करतो.
(भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. टिकटिकीनं डोकं उठतं.)

९ जानेवारी
पद्धत साधी: सवय. गोजाला शेजारी बसवून सावकाश दोन भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणीबरोबर. तिनं दात आवळले, रडली, शेवटी माझ्या दंडाला चावली. सुरुवात चांगली आहे. अंबू म्हणाली, आवाज भाकरीचा नाही, तुमचा आहे. बायकोला शास्त्र कोण शिकवणार? मी साहेबासारखा तोंड मिटून जेवतो.

११ जानेवारी, ऑफिस
माझीच दाढ ठणकतेय. डोस जास्त झाला असावा.
शेजारचा कारकून श्रीमंत दिवसभर सुपारी कातरतो आणि नाक ओढतो. माझं टेबल जिन्याखाली हलवून घेतलं. काही माणसांना रीतच नसते.

१३ जानेवारी, भोगी
तीळ लावलेली बाजरीची मऊ भाकरी. गोजा आपणहून माझ्याजवळ बसली! ट्रीटमेंट लागू पडली. त्या आनंदात वांग्याचं देठ जरा चोखलं. गेली पळत.
पूर्वी माझ्या ताटातले शेंगदाणे पळवायची. आज तसेच राहिले. वाईट वाटलं.

१५ जानेवारी
नवा प्लॅन. गोजाला कुर्डुवाडीला मामाकडं धाडलं. कोंडीबाचं घर रेल्वे वर्कशॉपला लागून. दिवसभर घण, वर इंजिनाच्या शिट्ट्या. दोन दिवसांत रडत येईल आणि माझी भाकरी गोड मानेल.

१८ जानेवारी
आली नाही. हट्टी आहे. आईवर गेलीय.

२१ जानेवारी, कुर्डुवाडी
न राहवून आणायला आलो. घणांनी माझं डोकं फुटायची वेळ. गोजा मात्र मामाच्या ताटाला ताट लावून बसलेली. मामा कडाकडा भाकरी मोडतोय, हीसुद्धा मोडतेय! गाल वर आलेत. उंबऱ्याला अजून शिवते, पण इथं कुणी रागावत नाही.
मी पंगतीत बसलो. पहिला घास घेतला. गोजा ताट घेऊन उठली.
कोंडीबा हळूच म्हणाला, "दाजी, तुमी लई वाजता की."
गोजाच्या डोळ्यांत पाणी. "आप्पा, मी मुद्दाम करत न्हाय. तुमाला घड्याळाचं हुतं न्हवं, तसंच हाय."
घड्याळाची गोष्ट वेगळी आहे. ती कशी, ते गोजाला घेऊन परतताना गाडीत सुचलं नाही.

२३ जानेवारी, सोलापूर
घड्याळ चालू ठेवून जेवायचा निश्चय केला. सवय, दुसरं काय. भाकरी अर्धी व्हायच्या आत उठून बंद केलं. अंबू उठली. माझं ताट उचलून बाहेर नेलं, एवढंच.
आता गोजा आत, पंगतीत. मी न्हाणीमागं, उभा, दुधात भिजवलेली भाकरी खातोय. मघाशी कोपऱ्याआडून एक हात आला आणि माझ्या ताटातले शेंगदाणे घेऊन गेला.