नदीपलीकडचा रहिवासी

३ मार्च
धाकट्या भावाने, लाइलने, आईच्या पश्चात मी राहतो ते तिचं घर विकून वाटणी करा म्हणून इथल्या काउंटी कोर्टात दावा लावला. नोटीस वाचून बाजूला ठेवली. तिथला जज त्याच्याबरोबर मासे धरायला जातो. मी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टात जाणार. तिथले जज तहहयात नेमलेले असतात, कुणाची मर्जी राखत नाहीत. वकील नको. कायदा मी लायब्ररीत बसून शिकलोय.

९ मार्च
किरकोळ अडचण. असले खासगी दावे फेडरल कोर्ट दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे असले तरच घेतं. आम्ही दोघेही केंटकीचे. वकिलाला इथे घाम फुटला असता. नदीवरच्या पुलापलीकडे ओहायो राज्य आहे.

१५ मार्च
ओहायोत लॉन्ड्रीच्या वर खोली घेतली. लायसन्स, मतदार नोंदणी, गाडीची नंबरप्लेट, सगळं बदललं. मग लाइलवर फेडरल कोर्टात दावा दाखल. नदीन आली नाही. बायको असून म्हणते, घर वाचवायला घर सोडणारा पहिलाच बघितला. तिला अधिकारक्षेत्र कळत नाही.

२ एप्रिल, दुपारी
आज काउंटी कोर्टाची तारीख. गेलो नाही. गेलो तर त्यांचा अधिकार मान्य केल्यासारखं होईल. लाइलचा फोन. दादा, निदान तुझं म्हणणं तरी मांड, म्हणाला. प्रकरण वरच्या कोर्टात आहे, असं सांगून ठेवला. खाली ड्रायर चालू. फरशी थरथरते. सवय होईल.

२० मे
फेडरल कोर्टात सुनावणी. जजबाईंनी लायसन्स पाहिलं, नंबरप्लेटचा कागद पाहिला. चांगलं चाललं होतं. मग विचारलं, "जिंकलात तर राहणार कुठे?"
"आईच्या घरात. आणखी कुठे, मॅडम?"
लाइलने डोळे मिटले. त्याच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. बाई म्हणाल्या, जिथे कायमचं राहायचा इरादा, ते तुमचं राज्य. म्हणजे दोघेही केंटकीचे. हा दावा आमच्याकडे चालत नाही, काउंटी कोर्टात जा.
मुद्दा बरोबर होता. लिहून घेतला.

२३ मे
काउंटी कोर्टात गेलो. कारकून म्हणाला, काका, तुमचा निकाल तुम्ही आला नाहीत त्याच दिवशी लागला. अपिलाची मुदतही गेली.

१४ जुलै
घराचा लिलाव झाला. नदीन तिच्या बहिणीकडे गेली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१ ऑगस्ट
खोलीचा करार वाढवला. आता इथेच कायम राहायचा इरादा आहे. दुसरीकडे जागाच नाही. म्हणजे आजपासून मी कायद्याने पक्का ओहायोचा. लाइलवर फेडरल कोर्टात खुशाल दावा लावता येईल.
कशाबद्दल, ते सुचलं नाही.