प्रमोदची ओळ

मंगळवार, संध्याकाळ. सक्करदरा.

आज आमच्या प्रोग्राममधली प्रमोदची ओळ काढून टाकली. तो वारला त्याला दोन महिने होत आले आणि त्या एका ओळीवर मी पंधरा दिवस अडून होतो. डिस्कवरून माहिती वाचण्याआधी मेमरीचा तेवढा तुकडा शून्यांनी पुसून घ्यायचा, एवढंच ती करायची. पण त्यावर नवी माहिती येणारच असते, मग दर वेळी आधी पुसण्यात वेळ फुकट जातो. टीमच्या वैशालीताई फोनवर म्हणाल्या, "काहून थांबून राहिला गा? एकच ओळ तं आहे." दुसरी कामं आहेत म्हणालो. खरं तर त्या ओळीपुढे लिहिणारा म्हणून त्याचं नाव दिसायचं.

प्रमोद ऑफिसात धुतलेला ग्लासही पुन्हा विसळायचा. मी चिडवायचो, "काहून विसळतो? चहाच तं ओतायचा आहे गा!" तो म्हणायचा, "अन् अर्धाच आला तं?"

आज तेच आठवलं, म्हणून तपासून पाहिलं. फाइलचा शेवटचा तुकडा खरंच अर्धवट भरतो. ओळ नुसतीच काढली असती तर उरलेल्या जागेत दुसऱ्या कुणाची जुनी माहिती राहिली असती आणि वाचणाऱ्याच्या हाती पडली असती. की ओळ ठेवायला मीच निमित्त शोधत होतो? नाही, दोनदा तपासलं. त्याची ओळ काढली आणि उरलेली जागा तेवढी पुसणारी नवी घातली. बदलाच्या नोंदीखाली लिहिलं, सुचवणारा: प्रमोद.

बदल पाठवल्यावर लक्षात आलं, खाली नाव असलेल्या प्रत्येकाला मेल आपोआप जाते. त्यालाही गेली. तास झाला, 'हा पत्ता बंद आहे' म्हणून अजून परत आलेली नाही.