गुरूचं माझ्यावर प्रेम आहे

४ जानेवारी
फिल्म पक्की. विनोदी. दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात. एकाला बघायला मुलीकडचे येतात आणि त्याच्या मित्रालाच नवरदेव समजतात. सोलापुरात असला विषय कुणी केला नसणार. नवरदेव मीच. वय पंचवीस दाखवायचं आहे, माझं सदतीस दिसत नाही. तरी उद्यापासून तळ्याला फेऱ्या. चादरींचं दुकान दादाकडे सोपवलं. दादा म्हणाला, ते त्याच्याकडेच होतं.

५ जानेवारी
थंडी होती.

१२ जानेवारी
मित्राच्या रोलला गुरू मिळाला. अक्कलकोटचा, बँकेत आहे. म्हणाला, सर, मी खरोखरच तसा आहे, चालेल ना? मी म्हटलं, मीपण. तो हसला. साधं हसणं नव्हतं ते.

१९ जानेवारी
शूटिंग सुरू. कॅमेऱ्यावर जोतीराम. लग्नांचे व्हिडिओ काढतो, कलेशी संबंध नाही, पण कॅमेरा त्याचा आहे. गच्चीवरचा सीन. गुरूला सांगितलं, माझ्याकडे प्रेमानं बघ. त्यानं असं बघितलं की मी वाक्यच विसरलो. जोतीराम म्हणाला, सर, लक्ष कुटं हाय तुमचं? त्याला काय कळणार.

२७ जानेवारी
फुटेज बघितलं. गुरूची नजर प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावरून थेट कॅमेऱ्यात. लाजतो बिचारा. माझ्या डोळ्यांत बघायचा धीर होत नाही.

२ फेब्रुवारी
निर्णय : दिग्दर्शकानं नटाशी भानगड ठेवायची नाही. आज गुरूशी मुद्दाम तुटक बोललो. त्याच्या लक्षात आलं नाही, म्हणजे तसं दाखवलं नाही. नंतर जोतीरामबरोबर चहाला गेला. दुःख विसरायला.

८ फेब्रुवारी
ऋतुजा, आमची हिरॉईन, बाजूला घेऊन म्हणाली, सर, गुरूचं एक सांगायचंय. मी तिला थांबवलं. म्हटलं, सगळं माहीत आहे. ती म्हणाली, बरं झालं बाई, तुम्हाला वाईट वाटेल वाटलं. वाईट कसलं? मी मोठेपणानं घेणार.

१४ फेब्रुवारी
गुरू दुकानात आला. आईला त्यानं सगळं सांगितलंय, तिला आता माणूस बघायचाय. म्हणाला, सर, पुढच्या रविवारी चला, तुम्ही वयानं मोठे, बरोबर असलात तर धीर येईल. ‘वयानं’ नसतं म्हटलं तरी चाललं असतं. पण थेट आईपर्यंत मजल गेली. २ तारखेचा निर्णय रद्द. नवा शर्ट घेतला. आपणही घरी सांगून टाकावं म्हणून जेवताना दादाकडे बघितलं. तेवढ्यात वहिनी भाकरी घेऊन आली. राहिलं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
जोतीरामच्या गाडीनं अक्कलकोटला गेलो. आम्हाला दाराशी उतरवून तो गाडी लावायला गेला. गुरूच्या आईनं कानडीत बन्री, बन्री, या, या करत मला सोफ्यावर बसवलं. गुरू पाणी आणायला आत गेला. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, माझा पोरगा हळवा हाय, त्याचे वडीलबी न्हाईत, सांभाळून घ्याल न्हवं? मी म्हटलं, जन्मभर. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

गुरू पाणी घेऊन तसाच उभा. मागून जोतीराम चपला काढून आत आला. गुरू म्हणाला, आई, हा जोतीराम. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, म्हंजे हे न्हवं? गुरू म्हणाला, हे आमचे सर.

त्यांनी माझा हात सोडला. केवढा मोठा श्वास टाकला. म्हणाल्या, राग मानू नका, मला वय लई वाटलं, पण पोराला आवडलंय तर आपण कशाला मोडता घाला, असं मनाला समजावत होते बघा.

मग जोतीरामला स्वतःशेजारी बसवून वाढलं. त्याच्या ताटातली पोळी संपू देत नव्हत्या. तो घास तसाच धरून रडायला लागला, तेव्हा गुरूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथं, आईसमोर. मला त्यांनी विचारलं, तुमचं झालंय का लग्न? म्हटलं, बघतोय. म्हणाल्या, वेळ नका लावू.

परतताना ते दोघं पुढे, मी मागच्या सीटवर. त्यांना माझ्याबद्दल मोकळेपणानं बोलता यावं म्हणून झोपेचं सोंग घेतलं. सोलापूर येईपर्यंत ते बोलत होते. माझं नाव निघालं नाही.