न्हाणीघरातून बोलावणं

३ डिसेंबर
पोचलो एकदाचे! सामान अजून ट्रकमध्येच होतं, आणि बाबा काठी टेकत थेट न्हाणीघरात शिरले. एक्याऐंशी वर्षांचं वय, गुडघे कुरकुरतात, पण वाकून टबाची खोली हाताने मोजली आणि म्हणाले, "पाणी गळ्यापर्यंत येईल. घर चांगलंय." झालं, घर पास!

घरमालकीण तोगाशीबाई पलीकडेच राहतात. घरी घातलेलं मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या आणि बंब समजावून गेल्या. मागच्या भिंतीबाहेर रॉकेलवर चालणारा बंब, शेजारी टाकी. एक पॅनेल न्हाणीघरात, दुसरं स्वयंपाकघरात. पाणी तापलं की त्यातली बाई गोड आवाजात तसं सांगते. टबात बसून बोलावण्याचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजते, मग दोन्हीकडून बोलताही येतं. बाबांसाठी याहून सोयीचं काय असणार? सोमवारी मी शाळेच्या स्वयंपाकघरात रुजू होते. इथलं बर्फ म्हणे कंबरेइतकं चढतं. चढू दे. घर ऊबदार आहे.

७ डिसेंबर
तीन दिवस बंब धड चालला, चौथ्या दिवशी आडवा पडला. पॅनेलवर कसलासा आकडा लुकलुकतो आणि पाणी कोमट. टबातली जाळी काढून घासली. तिच्यात लांब पांढऱ्या केसांचा गुंता निघाला. माझे केस आखूड, बाबांना टक्कल. आधीच्या भाडेकरूचे असणार. शी! धुराड्यासमोरचं बर्फ उपसलं, टाकीत साचलेलं पाणी काढलं, बंद करून पुन्हा चालू केला. चालला! मेकॅनिकशिवाय जमलं म्हणून स्वतःवरच खूश होते, तोवर बाबा म्हणाले, "हे आधीच केलं असतंस तर काल कुडकुडलो नसतो."

१० डिसेंबर
आज जेवताना घंटा वाजली. न्हाणीघरातून. बाबा माझ्यासमोर बसून सूप पीत होते. घरात तिसरं माणूस नाही. जाऊन पाहिलं, टबावर झाकण तसंच होतं. परत येऊन बसले, पुन्हा घंटा. मग आणखी दोनदा. सूप गार झालं.

११ डिसेंबर
माकिनो नावाचा मेकॅनिक आला. ओल शिरली असेल म्हणून न्हाणीघरातलं पॅनेल बदललं. तो गेला, मी चहा ओतला, आणि घंटा वाजली.

१३ डिसेंबर
माकिनो पुन्हा आला, स्वयंपाकघरातलं पॅनेलही बदललं. त्याच्यासमोर तासभर काही वाजलं नाही. मी काय काय होतं ते सांगत होते, तर हसून म्हणाला, "ताई, बंब पाणी तापवतो. माणसांना हाका मारत नाही." तीनशे मुलांचा भात शिजवून आल्यावर हे ऐकायचं! तो गेल्यावर संध्याकाळपर्यंत सात वेळा घंटा. आता मी उठतच नाही. वाजू दे.

१५ डिसेंबर
बाबा टबातून बाहेर आले ते उकडलेल्या खेकड्यासारखे लाल होऊन. भिंत धरून उभे. वर माझ्यावरच ओरडले. म्हणे मी त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं. ते उठायला लागले की पॅनेलमधून मी म्हणायचे, "बाबा, उठू नका, पाय घसरेल, मी येतेय."

मी तेव्हा अंगणात फावड्याने बर्फ ओढत होते. तोगाशीबाईंशी दोन शब्द बोललेसुद्धा, त्या साक्षीला आहेत. बाबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मला माझ्या पोरीचा आवाज कळत नाही होय?"

त्यांचं डोकं आता साथ देईना की काय? की मीच थकलेय? रागाने पॅनेलवर ओला टॉवेल फेकला. आवाज नको म्हणून.

१८ डिसेंबर
माकिनो तिसऱ्यांदा. या वेळी मी ऐकून घेतलं नाही. दोन्ही पॅनेल्सना जोडणारी तार कापायला लावली. स्वयंपाकघरातलं पॅनेल काढून त्याच्याच हातात दिलं. भिंतीत चौकोनी भोक राहिलं आहे. पाणी आता न्हाणीघरातून तापवायचं, बोलावणं बंद. माकिनो म्हणाला, आता वाजलंच तर मी हा धंदा सोडेन.

१९ डिसेंबर
भोकातून घंटा वाजली.

माकिनोला फोन केला नाही. काय सांगणार?

थेट तोगाशीबाईंकडे गेले. आधी काही सांगेनात. मी त्यांच्या दारातच बसून राहिले तेव्हा सांगितलं. गेल्या हिवाळ्यात इथे एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहायचे. म्हातारी टबातच गेली. पाण्यात तीन तास बसून होती. मधे तोगाशीबाई भाजी द्यायला आल्या होत्या, खिडकीतून विचारलंही होतं, आजी, फार वेळ झाला, निघायचं नाही का? तर ती आतून म्हणाली, "मुलगा म्हणतोय बसून राहा, येतोच आहे."

मुलगा त्या दिवशी मासेमारीला समुद्रात होता. दुसऱ्या दिवशी परतला.

मला आधी का नाही सांगितलं, मी ओरडले. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर कोण राहिलं असतं, चिहारु?"

२० डिसेंबर
बंब मुळापासून बंद. रॉकेलचा नळ बंद, पाणी बंद, वीज तोडली. टब कोरडा ठणठणीत. आता सार्वजनिक स्नानगृहात जायचं. बाबा दिवसभर धुसफुसत आहेत. घरात टब असताना लोकांच्या पाण्यात का बसायचं, मी त्यांना काय लहान मूल समजते का. खरं सांगितलं तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२३ डिसेंबर
रस्ता बंद. दोन दिवस स्नान नाही. बाबा बोलत नाहीत. माझ्याशी नाही.
भिंतीशी बोलतात. भोकापाशी खुर्ची ओढून —
हसत होते आज.

२४ डिसेंबर
रस्ता सकाळी मोकळा झाला. शाळेतून आले. घरात शुकशुकाट. बाबा न्हाणीघरात — कोरड्या टबात, उघडे, ओठ निळे. गुडघे पोटाशी घेऊन. वाट बघत.
म्हणाले, "तूच तर बसवलंस. पाणी येतंय म्हणालीस."
घोंगड्यात गुंडाळलं. रात्रभर पाय चोळले.
भाऊ सेंदाईहून परवा सकाळी गाडी घेऊन येतोय. नोकरी गेली खड्ड्यात.

२६ डिसेंबर, सकाळ
सामान दारात. बाबांना कोट चढवून उंबऱ्याशी बसवलंय. डावा हात त्यांच्या हातात, वही गुडघ्यावर. डॉक्टर विचारतील, तेव्हा सगळं नीट सांगता यावं म्हणून लिहितेय. भावाचा फोन आला, पुलापाशी पोचलाय. दहा मिनिटं.

न्हाणीघरातून आवाज. माझा. माझाच — "बाबा, पाणी तापलंय. या."
बाबांनी मान वळवली.
मी म्हणाले, बाबा, मी इथे आहे. ही बघा, तुमच्याजवळ. मी चिहारु.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. परक्या बाईकडे बघावं तसं. मग अगदी अदबीने म्हणाले, "बाई, हात सोडता का? माझी पोर बोलावतेय."

"आले, आले" — तिला म्हणाले.

उठतायत. एवढी ताकद कुठून — मी सोडणार नाही, दोन्ही हातांनी धर